दुचाकीवरून पार्सल पोचवणाऱ्यांच्या एअरबॅगबाबत खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय, रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली
मा. महासंचालक, भारतीय मानक ब्यूरो, नवी दिल्ली

विषय: दुचाकीस्वाराने अंगावर घालायच्या एअरबॅगसाठी भारतीय मानक ठरवणे आणि घरपोच सेवेतील रायडरना ती कंपनीच्या खर्चाने मिळणे.

महोदय,

पिंपरी-चिंचवड परिसरातील वाहनभागांच्या उद्योगात नोकरीचा काळ घालवून निवृत्त झालेला एक गुणवत्ता-तपासनीस या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे. माझी मागणी दोन टप्प्यांची आहे. दुचाकीवरून जेवण, किराणा आणि पार्सले पोचवणाऱ्या रायडरसाठी अंगावर घालायच्या एअरबॅगचे भारतीय मानक, इथल्या उन्हाचा, दमटपणाचा आणि कामाच्या पद्धतीचा विचार करून, आधी तयार व्हावे. आणि ते तयार झाल्यावर अशी एअरबॅग रायडरला स्वतःच्या खर्चाने देण्याचे बंधन कंपन्यांवर घालावे. हा क्रम मी जाणीवपूर्वक मांडला आहे. मानकाआधी सक्ती आली, तर महिन्याभरात रस्त्याकडेच्या दुकानांत एअरबॅग म्हणून काय विकले जाईल, हे हेल्मेटच्या बाबतीत आपण सर्वांनी पाहिले आहे.

आपल्याच मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ४४.५ टक्के, म्हणजे सुमारे ७५ हजार, दुचाकीवर होती. त्याच वर्षी नीती आयोगाच्या अहवालाने देशातील गिग कामगारांची, म्हणजे कायम नोकरीविना कामागणिक पैसे मिळणाऱ्यांची, २०२०-२१ मधील संख्या ७७ लाख धरली आणि २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटींवर जाईल असा अंदाज मांडला. हे सगळेच काही दुचाकीवर नसतात, पण घरपोच सेवेचा फार मोठा भार दुचाकीवरच आहे, हे पुण्यात बाणेरच्या किंवा मुंबईत अंधेरीच्या कोणत्याही सिग्नलला दोन मिनिटे थांबल्यास दिसते.

मोटारीतील एअरबॅगसाठी आपल्या मंत्रालयाने टप्प्याटप्प्याने नियम केले. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या आसनाची एअरबॅग नव्या मॉडेलांना १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना त्या वर्षअखेरपर्यंत मुदत मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये सहा एअरबॅगचा मसुदा निघाला, त्याची तारीख एका वर्षाने पुढे गेली आणि अखेर सक्तीऐवजी भारत एनकॅप या धडक-चाचणी योजनेच्या तारांकनावर भर देण्यात आला. त्या निर्णयाबद्दल माझे मत वेगळे आहे, पण तो या पत्राचा विषय नाही. ज्या वाहनावर देशातील सर्वाधिक माणसे मरतात, त्या वाहनाच्या स्वारासाठी एवढी चर्चा एकदाही झाली नाही, याकडे मला लक्ष वेधायचे आहे.

एअरबॅगचा इतिहास पाहिला तर यात आश्चर्य वाटू नये. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचे जॉन हेट्रिक १९५२ साली पत्नी आणि मुलीसह गाडी चालवत असताना एका दगडाला चुकवताना खड्ड्यात गेले. त्या क्षणी मुलीला सावरण्यासाठी पुढे गेलेल्या हातांवरून त्यांना कल्पना सुचली आणि नौदलात दाबाखालच्या हवेवर चालणारे टॉर्पेडो हाताळल्याचा अनुभव कामी आला. ऑगस्ट १९५३ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. जर्मनीत वाल्टर लिंडेरर यांचे पेटंटही त्याच सुमाराचे. पण दाबाखालची हवा पुरेशा वेगाने पिशवी भरू शकत नव्हती आणि धडक ओळखणारा भरवशाचा सेन्सर नव्हता. अ‍ॅलन ब्रीड यांचा सेन्सर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला, दाबाच्या हवेची जागा रसायनातून क्षणात वायू तयार करणाऱ्या इन्फ्लेटरने घेतली, आणि १९७० च्या दशकात जनरल मोटर्सने काही हजार गाड्यांत एअरबॅग बसवून विकल्याही. तरीही अमेरिकेत सर्व नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही आसनांना एअरबॅग यायला १९९१ चा कायदा आणि १९९८ चे मॉडेल-वर्ष उजाडावे लागले. पेटंटपासून सक्तीपर्यंत साडेचार दशके लागली आणि हेट्रिक यांचे पेटंट त्यांना काही मिळण्याआधीच संपले. तंत्र तयार असूनही कायद्याविना ते गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर सोडले जाते, हा या उद्योगातला जुना अनुभव आहे.

त्याच इतिहासात घाईचाही एक धडा आहे. अमेरिकेतील सुरुवातीच्या एअरबॅग पट्टा न लावलेल्या सरासरी पुरुषाला रोखण्याइतक्या जोरदार होत्या. त्या जोराने लहान मुले आणि कमी उंचीच्या स्त्रिया दगावल्या आणि १९९७ मध्ये तिथल्या नियामकाला जोर कमी करण्याची मुभा द्यावी लागली. आपल्याकडे रायडरच्या कामात स्त्रियाही येत आहेत. मानक ठरवताना चाचणीचा पुतळा एकाच मापाचा असू नये, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

पार्सल आणि एअरबॅग यांचा एकत्र विचार जगात झालेला आहे, मात्र तो वेगळ्या दिशेने झाला. कॅलिफोर्नियातील न्यूरो या कंपनीने केवळ सामान पोचवण्यासाठी चालकाविना धावणारी छोटी गाडी बनवली. तिच्या आर-टू या मॉडेलला फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकी नियामकाने आरसे आणि नेहमीची काच यांसारख्या अटींतून सूट दिली, कारण आरशात पाहायला आत कोणी बसणारच नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पुढच्या मॉडेलमध्ये या कंपनीने एअरबॅग गाडीच्या बाहेर, समोरच्या बाजूला बसवली. पादचारी किंवा सायकलस्वार गाडीवर आदळलाच तर त्याला झेलण्यासाठी. व्होल्व्होने २०१२ मध्ये व्ही-४० या मोटारीच्या बॉनेटखालून उघडणारी पादचाऱ्यासाठीची एअरबॅग आणली होती, ती कल्पना इथे एक पाऊल पुढे गेली. न्यूरोने २०२४ मध्ये स्वतःच्या गाडीचा नाद सोडून तंत्रज्ञान इतरांना देण्याचा मार्ग धरला, हे खरे. पण त्या अभियंत्यांनी स्वतःला विचारलेला प्रश्न टिकणारा आहे: सामान पोचवणाऱ्या वाहनाच्या अपघातात प्रत्यक्ष मार कोणाला बसतो? तिथे उत्तर होते रस्त्यावरचा माणूस. आपल्याकडे सामान पोचवणारे वाहन दुचाकी आहे आणि तिच्यावरचा माणूस वाहनाच्या आत नसतोच. म्हणून तो स्वतः आणि त्याच्यासमोर येणारा पादचारी, असे उत्तर द्यावे लागते. पहिल्यासाठी काय करता येईल, तेवढेच मी इथे मांडतो.

दुचाकीसाठी एअरबॅग दोन प्रकारे देता येते. एक म्हणजे वाहनावरच बसवलेली. होंडाने २००६ च्या गोल्ड विंगवर ती प्रथम आणली, पण ती अवजड आणि महागडी मोटारसायकल. ऑटोलिव्ह आणि पिआज्जिओ यांनी २०२१ मध्ये दुचाकीच्या सांगाड्यावर बसणारी एअरबॅग विकसित करण्याचा करार जाहीर केला. पिआज्जिओचा कारखाना आपल्या बारामतीत असल्याने हे काम इथल्या अभियंत्यांना परके नाही. दुसरा प्रकार अंगावर घालायच्या जॅकेटचा. त्याची कल्पना १९७० च्या दशकात हंगेरीतील तामाश श्ट्राउब यांनी मांडली, पुढे जपानमधील मुगेन डेन्को या कंपनीने ती ‘हिट-एअर’ या नावाने बाजारात आणली, आणि मोटोजीपी शर्यतींत २०१८ पासून स्वाराच्या पोशाखात एअरबॅग सक्तीची आहे. जुन्या स्कूटरवर काम करणाऱ्या रायडरला उपयोगी पडेल असा हाच प्रकार.

अशी जॅकेट दोन तऱ्हांची असतात. साध्या जॅकेटला एक दोरी असते आणि तिचे दुसरे टोक आसनाखाली अडकवलेले असते. स्वार गाडीवरून फेकला गेला की दोरी ताणली जाते, छोट्या सिलिंडरचे तोंड फुटते आणि कार्बन डायऑक्साइडने मान, छाती, पाठ व कमरेभोवतीच्या पिशव्या भरतात. सुमारे एक दशांश सेकंदात हे होते. इलेक्ट्रॉनिक जॅकेटमध्ये दोरी नसते. प्रवेग आणि कल मोजणाऱ्या सेन्सरवरून त्यातील संगणक अपघात ओळखतो आणि स्वार गाडीवरून सुटण्याची वाट न पाहता पिशव्या भरतो. युरोपात दोरीच्या जॅकेटांसाठी ईएन १६२१-४ हे मानक २०१३ मध्ये आले. आपल्या मानकाची सुरुवात तिथून करता येईल, पण त्याची नक्कल करून भागणार नाही.

त्यासाठी त्या एक दशांश सेकंदाकडे नीट पाहावे लागेल. ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर गाडी घसरली तर साधारण सव्वा मीटर उंचीवर असलेला स्वाराचा खांदा जमिनीला टेकायला अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात जॅकेट भरून तयार असते. समोरासमोरच्या धडकेचा हिशेब मात्र वेगळा आहे. स्कूटरवर बसलेल्या माणसाच्या छातीपासून पुढच्या चाकाच्या टोकापर्यंत जेमतेम मीटरभर अंतर असते. ताशी ५० किलोमीटर वेगाने एक दशांश सेकंदात माणूस १.४ मीटर पुढे जातो, म्हणजे पिशवी भरण्याआधीच छाती समोरच्या टेम्पोवर आदळलेली असते. ताशी २५ किलोमीटरला तेच अंतर ७० सेंटिमीटर होते, आणि पिशवी वेळेत भरण्याची शक्यता राहते. गाडीचे चेपणे, दोरीची लांबी, स्वाराची बसण्याची ढब हे सगळे हिशेबात घेतले तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील. निष्कर्ष बदलणार नाही. मोटारीत बंपरच्या मागचा चेपणारा भाग एअरबॅगला वेळ मिळवून देतो. दुचाकीवर ती सोय नसल्याने तो वेळ केवळ कमी वेगातूनच मिळतो.

म्हणूनच एअरबॅगचा नियम आणि पोचवण्याच्या वेळेचा नियम मला वेगळे काढता येत नाहीत. ‘दहा मिनिटांत’ हे शब्द जाहिरातीतून गेले तरी अ‍ॅपमधील उलटी गणती, उशिराच्या ऑर्डरवर बसणारा रेटिंगचा फटका आणि ठरावीक संख्येनंतरच मिळणारा इन्सेंटिव्ह राहिला, तर रायडरचा वेग तोच राहील आणि त्याच्या अंगावरच्या जॅकेटला भरायला वेळच उरणार नाही. घाईचे वेळापत्रक आखून वर महागडे जॅकेट देणाऱ्या कंपनीने सुरक्षेवर पैसा खर्च केला असे कागदोपत्री दिसेल, पण तो पैसा वाया गेलेला असेल. जॅकेट देण्याच्या अटीसोबतच, प्रत्येक ऑर्डरसाठी दिलेला वेळ त्या रस्त्यावरील वेगमर्यादेत राहून गाठता येतो, हे दाखवणारी नोंद कंपनीने मागणीनुसार सादर करावी, अशी अट हवी. अंतर, मार्ग आणि वेळ यांची माहिती या कंपन्यांकडे सेकंदागणिक असतेच.

आता हवामान. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर साधारणपणे ५० अंश सेल्सिअसच्या वर न ठेवण्याची सूचना असते. चंद्रपूर, अकोला, नागपूर इथे मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किंवा काळ्या जॅकेटच्या आत ते किती चढेल, हे मोजून पाहिले पाहिजे. दुसऱ्या टोकाला कोकणातला आणि मुंबईतला चार महिन्यांचा दमटपणा. एअरबॅगच्या बाबतीत उष्णता आणि आर्द्रता किती घातक ठरू शकते, हे टाकाटा प्रकरणाने जगाला दाखवले. या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट होते. वर्षानुवर्षांच्या उष्ण-दमट हवेने ते खराब झाले की एअरबॅग उघडताना धातूचे आवरण फुटून त्याचे तुकडे प्रवाशाच्या गळ्यात आणि चेहऱ्यात घुसत. अमेरिकेत पंचवीसहून अधिक माणसे यात गेली, एकट्या त्या देशात सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलवावे लागले, आणि फ्लोरिडासारख्या दमट प्रदेशांना बदलीत अग्रक्रम द्यावा लागला. कंपनीने २०१७ मध्ये फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले. भारतातही या इन्फ्लेटरच्या गाड्या परत बोलावल्या गेल्या. जॅकेटमध्ये हे रसायन नसते आणि थंड वायूचा सिलिंडर तुलनेने साधा असतो, हे मला ठाऊक आहे. तरीही नव्या सिलिंडरवर प्रयोगशाळेत केलेली चाचणी पुरेशी मानू नये. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे अंगावर वापरलेल्या, घामाने भिजलेल्या, धुळीने माखलेल्या जॅकेटची चाचणी मानकात हवी. पुण्यात वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था आहे, भोसरीत रस्ते वाहतुकीवर काम करणारी सीआयआरटी आहे आणि मुंबई किंवा नागपूर तिथून रात्रीच्या बसच्या अंतरावर आहेत. जागेची अडचण येऊ नये.

रायडरच्या कामाचे स्वरूपही हौशी मोटारसायकलस्वारापेक्षा अगदी निराळे आहे. तो दिवसभरात असंख्य वेळा गाडीवरून उतरतो. दोरी प्रत्येक वेळी सोडायची आणि पुन्हा अडकवायची, हे सातव्या मजल्यावरून धावत खाली आलेल्या माणसाच्या हातून कधी ना कधी राहणारच. किंवा ती सोडायला तो विसरेल आणि सोसायटीच्या गेटवर जॅकेट उगीच फुगेल. म्हणून मानकात दोरीची कडी एका हाताने लागणारी असावी आणि ती लागली नसल्यास सूचना मिळावी. शिवाय बऱ्याच रायडरच्या पाठीवर ती मोठी चौकोनी पेटी असते. तिच्या पट्ट्यांखाली आवळलेली पिशवी फुगणार कशी, आणि फुगलीच तर पेटी मानेला कुठून ढकलणार? युरोपातील मानक या पेटीसाठी लिहिलेले नाही. माझ्या मते पेटी पाठीवरून काढून गाडीच्या कॅरिअरवर नेणे हीच एअरबॅगची पहिली पायरी आहे, आणि तेवढ्या नियमासाठी कोणत्याही संशोधनाची गरज नाही.

इलेक्ट्रॉनिक जॅकेटबाबत एक वेगळी भीती आहे. परदेशात काही जॅकेटांचे सॉफ्टवेअर वर्गणीवर चालते आणि वर्गणी थकल्यास एअरबॅग बंद पडण्याची तरतूद असलेले जॅकेटही बाजारात आले होते. आपल्याकडे ज्या रायडरचा आयडी तक्रारीवरून क्षणात ब्लॉक होतो, त्याचे जॅकेटही त्या अ‍ॅपला जोडलेले असेल तर घरी परतताना तो एअरबॅगविना असेल. पैसे थकले, आयडी बंद झाला, फोनची बॅटरी संपली, यांपैकी कोणत्याही कारणाने जॅकेट निकामी होता कामा नये, असे मानकात स्पष्ट लिहिलेले असावे. जॅकेटने टिपलेली हालचालीची माहिती रायडरला दंड करण्यासाठी वापरता येणार नाही, हेही.

खर्चाचा प्रश्न उद्योगाकडून येईलच. दोरीचे जॅकेट युरोपात काही शे युरोंना मिळते. रायडरच्या महिन्याच्या कमाईतून ते निघणे शक्य नाही आणि त्याने ते विकत घ्यावे अशी अपेक्षाही गैर आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची व्याख्या केली आहे आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, त्यांच्या कल्याणासाठी द्यावेत अशी तरतूद तिच्यात आहे. जॅकेटचा खर्च या वाट्यातून वळता करू नये, कारण तो विमा आणि औषधपाण्यासाठी आहे; तो वेगळा धंद्याचा खर्च मानावा. एकदा फुगलेल्या जॅकेटचा सिलिंडर बदलण्याचा खर्चही, ते चुकून फुगले असले तरी, कंपनीनेच सोसावा. नाहीतर दुसऱ्याच आठवड्यात रायडर दोरी अडकवणे सोडून देतील आणि त्यांना दोष देता येणार नाही. मागणी लाखांच्या घरात गेली की जॅकेटची किंमत इथेच उतरेल. चाकण आणि रांजणगावच्या पट्ट्यात शिवणकामापासून सेन्सरपर्यंतचे काम करणारे पुरवठादार मिळणे अवघड नाही.

आधी हेल्मेट तरी नीट घालू द्या, मग जॅकेटचे पाहू, असाही आक्षेप येईल. तो मला पटत नाही. आयएसआय चिन्ह नसलेल्या हेल्मेटच्या विक्रीवर १ जून २०२१ पासून बंदी आहे, ती अधिक कडक राबवावी हे योग्यच. पण हेल्मेट डोके वाचवते, छाती आणि मान नाही. दुचाकीवरच्या लहान मुलांसाठी आपल्याच मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरक्षा-पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा यांचा नियम केला. स्वाराने अंगावर काय घालावे आणि ते घातल्यावर गाडी किती वेगाने चालवावी, हे एकाच नियमात बांधण्याचा पायंडा त्यामुळे आधीच पडलेला आहे. हा नियम करताना एक पळवाट मात्र बुजवावी लागेल. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची विजेवरची दुचाकी कायद्याच्या भाषेत मोटार वाहन ठरत नाही, आणि अशा भाड्याच्या गाड्यांवर पार्सले नेणारी तरुण मुले शहरांत जागोजागी दिसतात. वर मांडलेल्या हिशेबानुसार जॅकेटचा सर्वाधिक उपयोग याच वेगाला आहे. त्यामुळे बंधन वाहनाच्या प्रकारावर न ठेवता, मोबदला घेऊन दुचाकीवरून सामान पोचवण्याच्या कामावर ठेवावे.

जखमी किंवा मृत दुचाकीस्वार अपघाताच्या वेळी सामान पोचवत होता का, कोणासाठी पोचवत होता आणि त्या ऑर्डरला किती वेळ दिला होता, या तीन गोष्टींची नोंद ई-डार या अपघात-नोंदणीच्या सरकारी प्रणालीत पोलिसांनी सक्तीने करावी. त्याशिवाय पाच वर्षांनी या नियमाचा उपयोग झाला की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही.

मसुदा अधिसूचना निघाली की हरकती आणि सूचनांसाठी साधारण ३० दिवसांची मुदत असते. त्या काळात वाहन उद्योगाच्या संघटना आपले म्हणणे व्यवस्थित मांडतात. रायडर मांडू शकत नाहीत, कारण मसुदा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. हा मसुदा मराठीसह सर्व प्रादेशिक भाषांत काढावा, कंपन्यांना तो रायडरच्या अ‍ॅपवर दाखवायला सांगावे आणि पुणे, मुंबई, नागपूर येथे प्रत्यक्ष सुनावणी ठेवावी. सुनावणीची वेळ सकाळी अकराच्या आत किंवा दुपारी चारच्या सुमाराची असावी. जेवणाच्या वेळेला ठेवल्यास त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडून कोणी येणार नाही.

आपला,
पिंपरी-चिंचवड येथील एक निवृत्त गुणवत्ता-तपासनीस